मुलीच्या मैत्रिणींची यादी मागू नका

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी कॉमर्स ७४ टक्क्यांनी पास झाली. तिला बी.कॉम. करत सीए व्हायचं आहे. मी तीन वर्षं एका डायरेक्ट सेलिंग कंपनीत, म्हणजे स्वतः माल घ्यायचा-विकायचा आणि खाली माणसं जोडायची अशा कंपनीत, काम करते. आतापर्यंत १ लाख ४२ हजार रुपये कमिशन बँकेत जमा झालं. मागच्या वर्षी सिल्व्हर रँकला पोचले. त्यासाठी क्लोजिंगला, म्हणजे महिनाअखेरच्या हिशोबाला, ४० हजारांचा माल मीच उचलला, बांगड्या गहाण ठेवल्या, पण रँकची पिन मिळाली. बाकी खर्च फार नाही. महिन्याला ३,५०० ची खरेदी, मीटिंगचं २०० रुपयांचं तिकीट, गाडीला हजारभराचं पेट्रोल आणि वर्षातून एक मोठा सेमिनार, त्याचे ७ हजार. ऑगस्टमध्ये मुलीला १८ पूर्ण होतील. अपलाइन सर, म्हणजे ज्यांच्याखाली मी जोडले गेले ते, म्हणतात, लगेच तिच्या नावाने सभासद आयडी काढा, कॉलेजच्या मैत्रिणींची टीम होईल, तुमची दुसरी लेग उभी राहील. मुलगी ऐकत नाही, विषय काढला की रडते. आमच्या जाऊबाई आणि भिशीतल्या बायका निगेटिव्ह होत्या, त्या आपोआप गळाल्या, आता मुलगीही तशीच बोलायला लागली आहे. दिवस मोकळा राहावा म्हणून दूरशिक्षणातून बी.कॉम. घ्यावं की बीबीए? आणि या क्षेत्रातलं करिअर तिला तुम्हीच समजावून सांगा. – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मुलीचं काय करायचं ते दोन ओळींत सांगून होतं. जवळच्या चांगल्या कॉलेजात नियमित बी.कॉम.ला प्रवेश घ्या आणि सीएच्या पहिल्या परीक्षेची, फाउंडेशनची, नोंदणी करा. चार पेपर, ४०० गुण, प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात, परीक्षा आता वर्षातून तीनदा होते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी वैध आहे, बीबीएला २०२४ पासून राज्याची सीईटी द्यावी लागते. पण 'दिवस मोकळा राहावा' एवढ्यासाठी यातलं काहीच घेऊ नये. पुढचं उत्तर तुमच्यासाठी आहे.

अपलाइन सरांना तुमची मुलगी नेमकी कशासाठी हवी आहे, हे आधी पाहा. दोन लेगच्या, म्हणजे तुमच्याखाली टीमच्या दोन बाजू असलेल्या, प्लॅनमध्ये कमिशन जोडी जुळली तरच मिळतं. एका बाजूला ६० हजारांचं व्हॉल्यूम (खरेदी) आणि दुसऱ्या बाजूला ८ हजारांचं असेल, तर हिशोब ८ हजारांवरच होतो. तुमची एक बाजू लंगडी आहे. ती भरायला माणसं हवीत, आणि तुमच्या ओळखीची माणसं तीन वर्षांत संपली. म्हणून आता मुलीच्या ओळखी. यात तिचा कल, तिचे गुण, तिची आवड यांचा विचार कोणी केलेला दिसत नाही. तिच्याकडे अजून न वापरलेला मैत्रिणींचा संच आहे, एवढीच तिची पात्रता धरली आहे. मला हे वाचून राग आला, तुमचा कमी आणि त्या सरांचा जास्त.

अकरावी-बारावी क्लासमध्ये गेली, तिच्या मैत्रिणी आत्ता कुठे कॉलेजात मिळतील. पहिल्या सत्रात बाकावर शेजारी कोण बसतं, नोट्स कोण देतं, आजारी पडल्यावर प्रॅक्टिकलची वही कोण लिहितं, यातून पुढच्या वीस वर्षांची माणसं ठरतात. त्याच आठवड्यांत तिला शंभर नावांची यादी करायला सांगणार. मग फोन कसा करायचा तेही शिकवणार : 'एक काम आहे, फोनवर सांगण्यासारखं नाही, रविवारी ये.' कंपनीचं नाव घ्यायचं नाही, किती पैसे भरायचे ते सांगायचं नाही. म्हणजे मैत्रिणीशी पहिली लबाडी तिच्याकडून करून घेतली जाते आणि तिला 'इन्व्हिटेशन' म्हणतात. आलेली मुलगी हॉस्टेलच्या पैशांतून सहा-सात हजारांचं पॅकेज घेते. दोन महिन्यांनी तिच्या घरी कळतं. तिचे वडील अपलाइन सरांना फोन करत नाहीत, तुमच्या मुलीला करतात. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतो आणि पुढची तीन वर्षं ती कुठल्याही मुलीला 'चहाला येतेस का' म्हणाली तरी समोरची आधी विचारते, 'प्लॅन दाखवणार नाहीस ना?'

आणि एवढं करून टीम होईल का, तेही मोजा. एकीखाली पाच, त्या पाचांखाली पंचवीस, त्यांच्याखाली १२५. बी.कॉम. पहिल्या वर्षाची तुकडी १२० मुलांची धरा. तिसऱ्या पायरीलाच तुकडी अपुरी पडली. चौथीला ६२५, पाचवीला ३,१२५, तेवढे विद्यार्थी पुष्कळ कॉलेजांत मिळूनही नसतात. बाराव्या पायरीला २४ कोटींहून जास्त लोक लागतात, २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. साखळी कुठेही थांबवा, पाच-पाचच्या रचनेत शंभरातले सुमारे ऐंशी जण सगळ्यात खालच्या पायरीवर असतात आणि त्यांच्याखाली कोणीच नसतं. त्यांना 'मेहनत कमी पडली' म्हणतात. मेहनतीचा इथे संबंध नाही. कोणीतरी तळाला असावंच लागतं, त्याशिवाय वरच्याला कमिशन कुठून मिळणार?

आता तुमचा हिशोब. आकडे सगळे तुमचेच, पत्रात विखुरलेले आहेत. महिना ३,५०० प्रमाणे ३६ महिन्यांची खरेदी १ लाख २६ हजार. त्यातली टूथपेस्ट, साबण तुम्ही दुकानातूनही घेतलीच असती, म्हणून महिन्याचे ९०० वजा करते, राहिले ९३,६००. पेट्रोल ३६ हजार, मीटिंगची तिकिटं ७,२००, तीन सेमिनार २१ हजार, क्लोजिंगचा माल ४० हजार. बेरीज १ लाख ९७ हजार ८००. कमिशन १ लाख ४२ हजार. ताई, तीन वर्षांत तुम्ही ५५,८०० रुपये घालवलेत. यात बांगड्यांवरचं व्याज नाही, जॉइनिंगचं पहिलं पॅकेज नाही, आणि मीटिंगा, फॉलोअप, घरोघरी जाणं यात गेलेल्या तुमच्या वेळेची मजुरी तर नाहीच. कमिशनचा मेसेज बँकेतून येतो म्हणून तो लक्षात राहतो. खर्च डब्याडब्याने होतो, त्याचा मेसेज कोणी एकत्र करून पाठवत नाही. क्लोजिंगचा माल तर सगळ्यात फसवा : महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत स्वतःच गिऱ्हाईक व्हायचं, रँक गाठायची, आणि प्रोटीनचे डबे कपाटात मुदत संपेपर्यंत ठेवायचे. त्या ४० हजारांतलं किती कमिशन वरच्या लोकांना गेलं, हे सरांना एकदा विचारा.

'नोंदणीकृत कंपनी आहे, सरकारमान्य आहे' हे वाक्य तुमच्या पत्रात नाही, पण मुलीला पटवताना ते येणारच. कंपनी कायद्याखालची नोंदणी, पॅन, जीएसटी क्रमांक हे कितीतरी साध्या कंपन्यांकडेही असतात. मोठ्या किराणा दुकानालाही जीएसटी क्रमांक असतो, म्हणून त्याचा तांदूळ सरकारने चाखला असं होत नाही. डायरेक्ट सेलिंगला आपल्याकडे परवानगी आहे, त्यासाठी २०२१ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्वतंत्र नियमही आले. पण त्याच नियमांत पिरॅमिड योजनेला मनाई आहे. नवीन माणसं जोडण्याबद्दल पैसे देता येत नाहीत, कमाई माल विकण्यातून व्हायला हवी. आणि १९७८ चा मनी सर्क्युलेशन, म्हणजे नवीन माणसं जोडली की पैसे मिळतील असं सांगणाऱ्या, योजनांवर बंदी घालणारा कायदा तर आणखी पुढे जातो : योजना चालवणाराच नव्हे, तिच्यात सभासद होणारा आणि भाग घेणाराही गुन्हेगार ठरू शकतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तुमच्या कंपनीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, ती बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. कसोटी मात्र एकच आहे आणि ती तुम्हीच लावू शकता. तुमच्या कमिशनमधला किती भाग आयडी नसलेल्या, नुसत्या गिऱ्हाइकांच्या खरेदीतून आला? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने २०१६ मध्ये हर्बालाइफ या अशाच पद्धतीने माल विकणाऱ्या कंपनीला २० कोटी डॉलर द्यायला लावले, तेव्हाही बदलाचा मुख्य मुद्दा हाच होता : वितरकांचा मोबदला नोंद असलेल्या खऱ्या विक्रीवरच द्या. तुमचं उत्तर 'जवळजवळ शून्य' असेल, तर मुलीच्या आयडीवर कोणाच्या खाली कोण आलं याची नोंद तिच्या पॅनवर राहणार आहे, तुमच्या सरांच्या नाही. शिवाय कायद्याच्या भाषेत डायरेक्ट सेलर हा कंपनीचा नोकर नसतो. पगार नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, आणि बायोडेटावर लिहिण्याजोगा अनुभवही नाही. अकाउंट्सच्या फर्ममध्ये 'सिल्व्हर पिन' बघून कोणी मुलाखतीला बोलावत नाही.

जाऊबाई आणि भिशीतल्या बायकांबद्दल 'आपोआप गळाल्या' हे तुम्ही फार सहज लिहून गेलात. दवाखान्यात रात्री डबा घेऊन येणारी, लग्नात पोळ्या लाटायला उभी राहणारी माणसं ती. त्यांना निगेटिव्ह म्हणायला तुम्हाला शिकवलं गेलं, कारण घरचा हिशोब विचारणारा माणूस जवळ राहिला तर पुढचं क्लोजिंग होत नाही. आता तुमचा हिशोब विचारणारी घरात एकच उरली आहे, तुमची मुलगी. आणि तिला कॉमर्स येतं. तिला मी काय समजावणार?

करायचं काय, ते सांगते. मुलीचं आधार, पॅन, कोरा चेक कोणाला देऊ नका. फॉर्म आधीच भरला असेल तर कंपनीच्या अधिकृत ईमेलवर आयडी रद्द करण्याची मागणी तिच्याच नावाने पाठवा, सरांना तोंडी सांगून भागत नाही. तुमच्या आयडीवरची मासिक खरेदी तीन महिने पूर्ण बंद ठेवा, आणि 'एकदा टीम झाली की बसून पैसे येतात' म्हणतात ते येतात का बघा. खरेदीचे जे पैसे वाचतील त्यांतून आधी बांगड्या सोडवा. जाऊबाईंना फोन करा, त्या फोनवर एकाही प्रॉडक्टचं नाव घेऊ नका. तुम्हाला माणसांशी बोलता येतं, माल समजावता येतो, हे खरं आहे. तालुक्याच्या कापड दुकानात किंवा औषध दुकानात याच कामाला महिन्याचा पगार मिळतो, आणि शेजारणीला गिऱ्हाईक बनवावं लागत नाही.

कपाटातला माल आजच बाहेर काढून तीन ढीग करा : सीलबंद आणि मुदतीतला, सीलबंद पण मुदत संपलेला, उघडलेला. पहिल्या ढिगाच्या पावत्या शोधा, करारातलं परतीचं कलम वाचा आणि यादी, बॅच क्रमांक, फोटो जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याचं नाव-पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असणं बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ कामाच्या तासांत द्यायची आणि सर्वसाधारणपणे महिन्याभरात निकाली काढायची, असं नियमच सांगतो. सर 'मी बघतो, थांबा' म्हणतील, थांबू नका, परतीची मुदत चालू असते. महिना उलटूनही उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा, ईमेलची तारीख जवळ ठेवून.