मिरर करायचा तर लिहिणं एकाच बाजूला ठेव

भाऊ, गिटहबवरचा कोड गिटलॅबवरही (दोन्ही कोड साठवायच्या साइट) मिरर करून, म्हणजे हुबेहूब प्रत करून, ठेवतोस ते बरं, पण झिप उतरवून चढवू नको, त्यात जुना इतिहास येत नाही. गिटची (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) 'गिट क्लोन --मिरर' ही कमांड दे, सगळ्या ब्रँच (कामाच्या वेगवेगळ्या शाखा) न् टॅग (आवृत्त्यांच्या खुणा) एकदम येतात. मग त्याच फोल्डरातून 'गिट पुश --मिरर' आणि पुढे गिटलॅबवरच्या नव्या रेपोचा (कोडच्या साठ्याचा) पत्ता.

इथं जपून. तिकडे जे जास्तीचं दिसेल, ते हा पुश पुसून टाकतो. मी एकदा थेट गिटलॅबवरच्या ब्रँचवर दोन दिवस काम केलं, तिसऱ्या दिवशी मिरर चालवला. डवरा फिरल्यावर तण जातं तशी ब्रँच गेली! लॅपटॉपवर प्रत होती म्हणून वाचलो.

इश्यू, म्हणजे साइटवर नोंदवलेल्या अडचणी न् कामं, यात येत नाहीत. एलएफएसच्या फायली (गिटबाहेर साठवलेल्या मोठ्या फायली) वेगळ्या ओढाव्या न् ढकलाव्या लागतात.

आणि आपल्याकडे लाइन कधी जाईल, नेम नाही. पहिला क्लोन मधेच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून तो तालुक्याला गेलास की उरकून घे. नंतर 'गिट रिमोट अपडेट --प्रून' फक्त नवं तेवढंच आणतं, त्याला मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. गिटलॅबनं आपणहून ओढून घेणं मात्र पैशाच्या प्लॅनमध्ये आहे.