सर्दीत नाकाशी धरायच्या मेंथॉल इनहेलरने चोंदलेलं नाक खरंच उघडतं का?

नाही, उघडत नाही, उघडल्यासारखं वाटतं. मेंथॉल नाकातल्या मज्जातंतूंवरचे थंडावा ओळखणारे टीआरपीएम८ ग्राही चेतवतं, म्हणून आत येणारी हवा जास्त जाणवते. हवेचा प्रवाह मोजून केलेल्या प्रयोगांत नाकातला अडथळा कमी झालेला दिसला नाही. सूज तशीच राहते. तरी झोपताना तेवढ्याने बरं वाटत असेल तर जरूर वापरा. फक्त २ वर्षांखालच्या मुलांच्या नाकाजवळ नेऊ नका, त्यांचा श्वास अडखळू शकतो. दम्याचा पंप मात्र अगदी वेगळा: त्यातलं साल्ब्युटामॉल श्वासनळ्यांचे आवळलेले स्नायू सैल करतं. धाप लागत असेल किंवा छातीत घरघर असेल तर मेंथॉल हुंगत थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.