लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) चित्रकार आपली श्रद्धा आणि घरचं वातावरण चित्रात नेमकं कसं आणतात?

सगळ्यात ठळक पद्धत म्हणजे घरोघरी दिसणारी देवीची तसबीर घ्यायची आणि तिच्या जागी आपल्याच घरची माणसं बसवायची. चिकानो चळवळीच्या (मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठीच्या चळवळीच्या) कलेबद्दल जे वाचलंय त्यावरून सांगतो, योलांडा लोपेझची १९७८ ची ग्वादालूपेच्या मेरीवरची (मेक्सिकोत घरोघरी पुजली जाणारी येशूची आई) तीन चित्रं आधी बघा. एकात योलांडा स्वतः बूट घालून, हातात साप धरून पळत सुटलीय, दुसऱ्यात आई मशीनवर बसून मेरीचाच चांदण्यांचा निळा शेला शिवतेय आणि तिसऱ्यात आजी निवांत बसलीय. मागे तेजोवलय तिघींनाही आहे, म्हणजे शिवणकाम करणारी बाईही तितकीच पूज्य (मला तर आईचंच सगळ्यात आवडतं). कार्मेन लोमास गार्झा मात्र दक्षिण टेक्सासमधलं आपलं लहानपण सरळच रंगवते, तिच्या 'तामालादा' मध्ये अख्खं घर स्वयंपाकघरात तामाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) करत बसलंय.

फक्त एक, या दोघी मेक्सिकन-अमेरिकन, सगळ्या लॅटिनोंना हे लावू नका. क्यूबाच्या विफ्रेदो लामची गॉडमदर सान्तेरिया या आफ्रिकी मुळांच्या क्यूबन पंथाची पुजारीण होती, त्यामुळे त्याच्या चित्रांत मेरीऐवजी आफ्रिकन मुखवटे आणि दैवतं येतात.