शार्डोने ओळखायची तर दोन बाटल्या शेजारी ठेवा

एकच बाटली चाखून शार्डोने या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनबद्दल मत बनवू नका. या द्राक्षाला स्वतःचा वास बेताचाच. चव बरीचशी हवामान आणि बनवणारा ठरवतो. म्हणून एक शाब्ली घ्या (फ्रान्सच्या शाब्ली भागातली वाइन; लेबलवर द्राक्षाचं नाव बहुधा नसतं, पण ती शंभर टक्के शार्डोनेच) आणि दुसरी ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली कॅलिफोर्नियाची. दोन्ही एकाच वर्षाच्या मिळाल्या तर उत्तम.

फ्रिजमधून काढून शाब्ली पंधरा-वीस मिनिटं, ओकवाली अर्धा तास बाहेर ठेवा. साधारण १० ते १३ अंश हवेत. फ्रिजच्या ४ अंशांत वास दबतो आणि नुसता आंबटपणा जाणवतो. बहुतेक नवखे इथेच फसतात. ग्लास एक तृतीयांशच भरा.

शाब्लीत हिरवं सफरचंद, लिंबू. दुसरीत व्हॅनिला आणि लोणी. व्हॅनिला पिंपातून येतो, लोणी मात्र नाही! जिवाणू तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हा डायअॅसिटिल तयार होतं. लोण्याचा वास या रसायनाचा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचाचा, द्राक्षाचा नव्हे. ती बाटली बाजूला ठेवा.