गाडी नवी झाली, नाव मात्र मयताचंच

जुन्या पिकअपबद्दलच्या तुमच्या पत्रात अकरा प्रश्न आहेत. नऊ हौद्याचे, रंगाचे, टायरचे आणि हॉर्नचे. दहावा विम्याचा. आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखा अकरावा: "आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) अजून जुन्या मालकाच्याच नावावर आहे, ते मागच्या वर्षी वारले, त्याने काही अडचण येईल का?" मी उत्तर देणार आहे ते मुख्यतः या अकराव्याचं. वरचे दहा त्याच्याखाली दबले आहेत.

जुनी पिकअप स्वस्तात घेऊन सवडीने नवी करणाऱ्यांची अशी पत्रं मला नेमाने येतात, म्हणून इतरांसाठी दोन ओळींत हकिगत सांगते. हे गृहस्थ सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींची ने-आण करतात. 2022 च्या दसऱ्याला त्यांनी मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून 2009 ची टाटा 207 घेतली, 95 हजारांना. 35 रोख, 60 फोनवरून. हातात पडलं ते असं: शंभराच्या स्टॅम्पवरचा करार, आरसी, दोन किल्ल्या आणि मालकाने सही केलेले, नाव बदलायचे कोरे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म. मग पैसे साठतील तसं काम. आधी इंजिन खोललं, मग केबिनचा सडलेला पत्रा कापून नवा लावला, मग वायरिंग. आजवर एक लाख 40 हजार गेले. पासिंग, म्हणजे गाडीचा फिटनेस दाखला, संपून दोन वर्षं झाली. गाडी नवी झाल्याचं गावात कळलं आणि मयताच्या मुलाचा निरोप आला: 60 हजार द्या, नाहीतर गाडी परत आणा.

नावावर का केली नाही, तर म्हणे "काम पूर्ण झालं की एकदमच करू." अहो, मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 मध्ये विकणाऱ्याला 14 दिवस आणि घेणाऱ्याला 30 दिवस दिले आहेत. ती मुदत चुकली तर दंड मामुली असतो, उशिरानेही काम होतं. गंज काढायला पैसे लागतात आणि ते तुमच्याकडे नव्हते, हे मला समजतं. पण नाव बदलायला मुख्यतः एक जिवंत माणूस लागत होता, आणि तो तेव्हा होता. मोहोळ काही दिल्ली नव्हे. एका दुपारचं काम तुम्ही साडेतीन वर्षं पुढे ढकललंत.

आता मुद्दा नीट समजून घ्या, कारण यात दोन मालक्या आहेत आणि सगळा गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून होतो. गाडी ही जंगम वस्तू. पैसे दिले, ताबा घेतला, दोघांचा तसा इरादा होता, की माल विक्री कायद्याप्रमाणे वस्तू तुमची झाली. त्या अर्थाने मुलाला गाडी परत मागता येत नाही. चोरीची तक्रार देईन अशी धमकी त्याने दिली आहे म्हणता. मूळ आरसी, किल्ल्या, करार आणि वडिलांच्या खात्यात गेलेले 60 हजार समोर असताना ती तक्रार टिकणं अवघड आहे. (पोलीस तोवर गाडी ठाण्याच्या आवारात उभी करणारच नाहीत, असं मात्र मी लिहून देणार नाही.)

दुसरी मालकी मोटार वाहन कायद्याची. कलम 2 मधलं 30 वं पोटकलम सांगतं की, ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच पक्कं केलं. तिथे गाडी एकामागून एक हातांत गेली होती, नोंद कुणीच बदलली नव्हती, अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. गाडी कधीच विकली, हे सांगून तो सुटला नाही.

तुम्ही हा निकाल वाचून घाबराल. माझा सल्ला उलटा आहे: हा निकाल मुलाला वाचून दाखवा. त्याला वाटतंय की आरसीवरचं वडिलांचं नाव म्हणजे त्याच्या हातातला हुकमाचा पत्ता. खरं तर ते त्याच्या गळ्यातलं लोढणं आहे. उद्या ही गाडी कुणाच्या अंगावर गेली, तर नोटीस आरसीवरचं नाव शोधत मोहोळला जाईल, आणि भरपाईचा बोजा वडिलांनी मागे ठेवलेल्या मिळकतीवर येऊ शकेल. तिथे जमीन आहे असं तुम्हीच लिहिलंय. नाव बदलण्याची गरज तुमच्याइतकीच त्या घराला आहे. ही गोष्ट शांतपणे, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यासमोर सांगितली, की 60 हजारांचे बहुधा जाण्यायेण्याच्या खर्चापुरते पाच-सात हजार होतात. तेवढे द्या. तत्त्वासाठी भांडू नका.

आता कागदाचा रस्ता. मयताकडून थेट तुमच्या नावावर गाडी येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 56 प्रमाणे मालक गेल्यावर वारसाने 30 दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत 31 नंबरच्या फॉर्मवर नाव लावून घ्यायचं असतं. तीही मुदत गेली. पण उशिराचा दंड भरून अर्ज करता येतो. म्हणजे आधी फॉर्म 31 ने गाडी एका वारसाच्या नावावर, मग त्याच्याकडून 29 आणि 30 ने तुमच्या नावावर. दोन्ही अर्ज पाठोपाठ लावा, मध्ये महिना जाऊ देऊ नका. वारसाच्या नावावर गाडी गेली आणि त्याचं मन फिरलं, तर परत माझ्याकडे पत्र लिहावं लागेल.

वारस म्हणजे फक्त मुलगा असं तुम्ही धरून चालला आहात. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे बायको, मुलगा, लग्न झालेल्या दोन्ही मुली आणि मयताची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस. आईला लोक हमखास विसरतात. तुम्ही लिहिलंय, "घरात आजीही आहे, पण तिचं काही नसतं." तिचं असतं, आणि नातवाइतकंच असतं. सगळ्यांची संमतीची प्रतिज्ञापत्रं हवीत. एक सही राहिली तर आरटीओच्या खिडकीवरचा माणूस फाइल परत देईल, आणि त्याचं बरोबर असेल.

एजंटने दुसरा उपाय सुचवला आहे. मयताची सही असलेले कोरे फॉर्म आहेतच, गेल्या महिन्याची तारीख टाकू, माणूस गेल्याचं सांगायचंच नाही. चार हजारांत काम. हे अजिबात करू नका. मेलेल्या माणसाने गेल्या महिन्यात गाडी विकली असं दाखवणं म्हणजे खोटा दस्त, आणि भारतीय न्याय संहितेची कलमं 336 आणि 340 त्यासाठीच आहेत. एजंटचं नाव फॉर्मवर कुठेच नसतं, तुमचं असतं. ते कोरे फॉर्म फाडूही नका. त्यांवर काही न लिहिता जपून ठेवा. 2022 मध्ये मयताला गाडी विकायचीच होती, याचा तो पुरावा आहे.

मुलगा ऐकलाच नाही तर? वकिलामार्फत नोटीस द्या, स्पीड पोस्टाने. मग थेट दावा ठोकण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत अर्ज करा. कोर्ट फी नाही, तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ आणि वर अपील नाही. सगळे वारस एका टेबलाभोवती बसतात, हा त्यातला खरा फायदा.

तेही फसलं तर दिवाणी दावा: गाडी माझी असल्याचं ठरवून द्या आणि नाव लावायला वारसांना भाग पाडा. मुदत तीन वर्षं. करारात नाव कधीपर्यंत लावायचं ते लिहिलंच नाही, हा तुमचा निष्काळजीपणा योगायोगाने तुमच्या पथ्यावर पडू शकतो, कारण तारीख ठरलेली नसेल तर मुदत नकार कळल्यापासून धावते. समोरचा वकील यावर वाद घालेलच. मुलाचा तो नकाराचा मेसेज ज्या फोनवर आहे तो विकू नका. दावा लावून लगेच निकाल मिळेल असं मी सांगत नाही. आमच्याकडे साध्या दाव्यात समन्स बजावण्यात किती तारखा जातात ते पाहिलं, तर तुमच्या केबिनच्या नव्या पत्र्यालाही तोवर गंज धरलेला असेल. वारसांत वाद झाला आणि कोर्टाचा वारस दाखला मागितला गेला, तर तो 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली घ्यावा लागतो. होय, कंपनी सरकारच्या काळातला. वेगही साधारण त्याच काळातला.

पासिंगबद्दल. मालवाहू गाडीला फिटनेस नसेल तर कलम 56 प्रमाणे तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. त्यामुळे "फक्त गॅरेज ते एमआयडीसी" अशा फेऱ्या आजच बंद करा. उशिराचं शुल्क दिवसाला 50 रुपये आहे. दोन वर्षांचे 36 हजार 500 होतात. यात सवलती आणि स्थगिती मधूनमधून येत-जात राहिल्या आहेत, म्हणून भरण्याआधी त्या दिवशीचा आकडा कार्यालयातून लेखी घ्या. काही वेळा नाव बदलण्याआधी पासिंग मागतात, काही वेळा नाही. 15 वर्षं झाली म्हणून गाडी आपोआप भंगारात जाते, हे मात्र तुमच्या मित्राने दिल्लीच्या बातम्या वाचून सांगितलेलं दिसतंय. सोलापुरात खासगी माणसाची गाडी पासिंग होत असेल तर चालते. गाडीचं एकूण वजन आरसीवर बघा. 3000 किलोच्या आत असेल तर परमिटची कटकट नाही.

आता तुमचे हौसेचे नऊ प्रश्न. कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं आहे. हौदा दीड फूट लांबवणं, चॅसिस वाढवणं यावर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. जास्त माल बसावा म्हणून स्प्रिंगचे पाटे वाढवायचं मनात आहे, तेही काढून टाका. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सोलापूरच्या गड्डा यात्रेत आणि आठवडी बाजारात चादरी मांडायला जी घडीची फळी तुम्हाला हवी आहे, ती बोल्टने बसणारी, काढता येणारी आणि हौद्याच्या मापाबाहेर न जाणारी असेल तर मला स्वतःला त्यात बदल दिसत नाही. निरीक्षकाला दिसू शकतो. पासिंगला जाताना काढून घरी ठेवा. रंग बदलला तर आरसीत नोंद लागते. सुरांचा हॉर्न नको. दुसरं इंजिन भंगारातून आणायचं झालं तर इंजिन नंबर लिहिलेलं बिल घ्या. बिल नसेल तर ते कितीही स्वस्त असू दे, तिथेच सोडा.

यातलं ज्याला परवानगी लागते, ती मागणारा अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा असतो. म्हणून म्हटलं, दहा प्रश्न अकराव्याखाली आहेत. रंगासाठी बाजूला ठेवलेले 30 हजार तसेच राहू द्या. ते आधी पासिंगच्या उशिराला, विम्याला आणि प्रतिज्ञापत्रांना लागणार आहेत. आरसीवर एखाद्या बँकेचा बोजा राहिला नाही ना आणि जुनी चलनं थकलेली नाहीत ना, तेही आत्ताच पाहा.

आणि मिस्त्रीला आजच फोन करा. पत्रात तुम्ही लिहिलंय की पुढच्या आठवड्यात चॅसिस घासून रेड ऑक्साइड मारायचाय. चॅसिस नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर लावू देऊ नका. तो भाग हाताने ब्रशने साफ करा, कागद ठेवून पेन्सिलची छाप घ्या, आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून पाहा. एवढे कष्ट घेऊन गाडी कार्यालयात नेली आणि निरीक्षकाला नंबर वाचता आला नाही, तर ना करार उपयोगी पडेल ना आजीची सही.

त्या सहीसाठी मात्र मोहोळला तुम्ही स्वतः जा, एजंटला पाठवू नका. मुलाच्या आधी आजींना भेटा. त्या अंगठा करणार असतील तर कागद त्यांना वाचून दाखवा आणि दोन साक्षीदार ठेवा, त्यातला एक त्यांच्याच गावचा.