२५०० मीटरवरून सुरू होऊन ४२०० ला जाणारा कुरणांचा मॉडरेट ट्रेक चार दिवसांत होईल का?

चार नको, सहा धरा, आणि त्यातला एक दिवस निव्वळ आरामाचा ठेवा. कारण साधं आहे, कुरणांत चढ सोपा वाटतो म्हणून माणूस भराभर उंची गाठतो पण ४००० मीटरला दर श्वासात ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच मिळतो आणि शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो, फिटनेस कितीही असला तरी. वाइल्डरनेस मेडिकल सोसायटी या दुर्गम भागांतल्या वैद्यकशास्त्रावर काम करणाऱ्या संस्थेच्या गाइडलाइन्समध्ये हेच आहे: ३००० च्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक रेस्ट डे घ्या. मोजायची ती झोपायची उंची, दिवसा वर जाऊन खाली आलात तर चालतं, उलट बरंच. बाकी प्लॅनिंगमध्ये:
- टॉपला पहाटे निघा, उघड्या कुरणात दुपारच्या विजांपासून आडोसा नसतो
- डोकेदुखीसोबत मळमळ किंवा चक्कर असेल तर वर जायचं नाही, वाढलं तर लगेच खाली

फक्त, आधीच काही दिवस ३००० च्या आसपास राहून येत असाल तर पाच दिवसांतही जमेल.