हेअर आणि ब्युटीचं काम प्रत्यक्षात कसं असतं? ३४व्या वर्षी सुरू केलं तर उशीर होईल का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसची नोकरी सोडून कोर्स करायचा विचार आहे, पण या कामाची खरी बाजू कोणी सांगत नाही. मी १६ वर्षं हेच काम करते आहे, त्यातली पहिली ४ दुसऱ्यांच्या हाताखाली. मला जे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, ते तुम्हाला सांगते.

सुरुवात हातांपासून. शिकाऊ मुलींना पहिले काही महिने बहुतेक केस धुवायलाच ठेवतात, दिवसाला १५-२० डोकी. हातमोजे घातले की केसांचा नीट अंदाज येत नाही असं वाटून मी उघड्या हातांनीच धुवायचे. तिसऱ्या महिन्यात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग कातडी लाल झाली, मग सांध्यांवर भेगा पडल्या. मूठ वळली की त्या उलायच्या आणि पुढच्या डोक्याचा शाम्पू त्यात झोंबायचा. पाणी आणि शाम्पू दिवसभर लागत राहिले की त्वचेचं वरचं कवच झिजतं आणि मग रंगातली रसायनं आत शिरायला मोकळी होतात. बऱ्याच गडद पक्क्या रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. माझ्याबरोबर शिकणारी एक मुलगी याच कारणाने काम सोडून गेली, आणि कात्रीत तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. तिची आठवण आली की अजूनही वाईट वाटतं, कारण हे टाळता आलं असतं. रंग लावताना सगळ्याच जणी हातमोजे घालतात, पण रंग धुवून काढताना ते काढून ठेवतात. चूक नेमकी तिथे होते. नायट्राइल या कृत्रिम रबराचे वापरा, दर क्लायंटला नवे.

पाय दुखतातच, त्याला इलाज नाही. खांदे मात्र वाचवता येतात. घाईत खुर्ची खाली न घेता हात वर धरून ब्लो ड्राय करायची सवय लागते आणि काही वर्षांनी खांदा तक्रार करू लागतो. दर वेळी खुर्ची आपल्या उंचीला आणा, क्लायंटला अर्धा मिनिट थांबावं लागलं तरी चालेल. थ्रेडिंग करणाऱ्यांची मान जाते, कारण दोरा दातांत धरून वाकून काम चालतं.

आता यातला सगळ्यात अवघड भाग सांगते: ‘नाही’ म्हणणं. कोर्समध्ये कटिंग शिकवतात, रंगवायच्या बटांना फॉइल लावायला शिकवतात. समोर उत्साहाने बसलेल्या माणसाला ‘हे आज होणार नाही’ कसं सांगायचं, ते कोणी शिकवत नाही. एकदा एक बाई हायलाइट्ससाठी, म्हणजे काही बटा ब्लीचने उजळ करून घ्यायला आल्या. केसांना आधी काय लावलंय विचारलं तर म्हणाल्या, काहीच नाही. टोकांकडे केस जरा जास्तच काळे आणि निस्तेज दिसत होते, म्हणून मी मागच्या बाजूची एक बारीक बट कापून वाटीत डेव्हलपर (रंगात आणि ब्लीचमध्ये मिसळतात ते पेरॉक्साइड) आणि थोडा अमोनिया घालून त्यात टाकली. बुडबुडे आले, वाटी हाताला गरम लागायला लागली. मग त्यांना आठवलं की काही महिन्यांपूर्वी ‘हर्बल’ काळी पावडर लावली होती. तसल्या काही पावडरींत धातूंचे क्षार असतात आणि ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी त्यांची जोरात प्रक्रिया होते. वाटीत झालं ते फॉइलमध्ये झालं असतं तर केस जळून तुटले असते. त्या नाराज होऊन गेल्या. पण केस महिन्याला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतात, खांद्यापर्यंतचे केस तुटले तर भरून यायला किती वर्षं लागतील याचा हिशोब करा. तेव्हापासून स्ट्रँड टेस्टशिवाय, म्हणजे एक बट आधी तपासल्याशिवाय, मी ब्लीचला हात लावत नाही, आणि रंगाची पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडासा लावून ॲलर्जी बघणं, ४८ तास आधी. गडद रंगवलेले केस एका बैठकीत सोनेरी करून मागणारेही रोज येतात. रंगाने रंग उजळत नाही, हे त्यांना शांतपणे समजावता आलं पाहिजे.

मालकालाही ‘नाही’ म्हणावं लागतं. केस सरळ करायच्या काही ट्रीटमेंटमध्ये इस्त्री फिरवली की डोळे चुरचुरतात, घसा धरतो. ती वाफ फॉर्मल्डिहाइड या वायूची असू शकते. आयएआरसी ही कर्करोगावर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था त्याला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. बाटलीवर ते नाव नसलं तरी ‘मिथिलीन ग्लायकॉल’ आहे का बघा, तापवल्यावर त्यातूनही तेच निघतं. क्लायंट ते एकदा श्वासात घेते, आपण आठवड्यातून कितीदा. मी ते काम घेणं बंद केलं. उत्पन्न घटलं, पण पस्तावले नाही.

पैशांबद्दल थोडक्यात: सुरुवातीला पगार कमी, बाकी कमिशनवर. लोकांच्या सुट्टीचे दिवस आपले सगळ्यात कामाचे. परत परत येणारी माणसं जोडायला मला ३ वर्षं लागली, त्यानंतरच महिना नीट निघू लागला.

आणि तरीही मी हे काम सोडलेलं नाही. डोकं हातात दिल्यावर माणूस सैल होतो, बोलतो. कधी आपल्याला त्याच्याआधी काहीतरी दिसतं. एका मुलीच्या डोक्यामागे नाण्याएवढी गुळगुळीत टक्कल पडलेली जागा मला दिसली, तिला पत्ताच नव्हता. मी कात्री खाली ठेवली, तिच्या शेजारी बसले आणि हळू आवाजात सांगितलं, आरसा दाखवला. ती लगेच डॉक्टरांकडे गेली. असा दिवस मला महिनाभर पुरतो.

वयाचं म्हणाल, तर ३४ मुळीच उशीर नाही. मोठ्या वयात शिकायला आलेल्या माणसांना ऐकून घेता येतं, आणि या कामात ते फार लागतं. फक्त राजीनामा देण्याआधी दोन महिने सुट्टीच्या दिवशी कुठेतरी मदतनीस म्हणून उभं राहून बघा. केस झाडा, डोकी धुवा, टॉवेलच्या घड्या घाला. आणि पहिल्या दिवशी हातमोज्यांचा डबा स्वतःचा घेऊन जा, तिथे मिळतील या भरवशावर राहू नका.